सव्वीस नंबरचे केस कोण कापतं

आमच्या दुकानाबाहेर पहिल्यांदा रांग लागली तेव्हा बाबांना वाटलं, शेजारच्या घरात कुणीतरी गेलं असावं. आमच्या ओकिउरा गावात माणसं रांगेत उभी राहतात ती एवढ्याच कारणासाठी. ते वस्तरा हातात घेऊन तसेच दारापर्यंत गेले आणि परत येऊन मला म्हणाले, "कासाने, बाहेर परकी पोरं उभी आहेत. काय हवंय ते विचार."

पोरांना केस कापून हवे होते. पहिला जो आत आला तो दोन बस बदलून आला होता. खुर्चीत बसल्याबसल्या त्यानं फोन पुढे धरला. फोनवर माझ्या धाकट्या भावाचा, रित्सुकीचा फोटो होता.

"असे कापा," तो म्हणाला.

बाबांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. फोटो पाहिला, मग पोराचं डोकं दोन्ही हातांनी धरून वरून पाहिलं.

"असे नाही होणार."

"का हो?"

"तुला भोवरा एकच आहे."

रित्सुकीला दोन भोवरे आहेत. आमच्याकडे म्हणतात, दोन भोवऱ्यांचं पोर कुणाचं ऐकत नाही. ते खरं की खोटं मला माहीत नाही, पण त्याचे केस कुणाचं ऐकत नाहीत हे मी तीस वर्षं बघते आहे. डाव्या बाजूचे खाली वळतात, उजव्या बाजूचे उभे राहतात. बाबांनी खूप उपाय करून पाहिले आणि शेवटी हार मानून ते उजवीकडचे अगदी बारीक ठेवू लागले. ती हार म्हणजे 'रित्सुकी कट'. आणि आता सगळ्या देशातल्या पोरांना ती डोक्यावर हवी होती. बाबांनी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एका भोवऱ्याच्या पोरांना दोन भोवऱ्यांचे केस कापून दिले. कात्री पुसताना म्हणाले, "मुद्दाम वाईट कापायला जास्त वेळ लागतो."

रित्सुकी प्रसिद्ध झाला तोच मुळी उशिरा. फुटबॉलपटू ज्या वयात निवृत्तीचा विचार करतात त्या वयात लोकांना त्याचं नाव कळलं. त्याआधीची सगळी वर्षं तो दुसऱ्या आणि तिसऱ्या लीगमध्ये खेळला. मधल्या फळीत. बुटका, शांत, दिवसभर पळणारा. प्रतिस्पर्ध्याच्या पायातून चेंडू काढायचा आणि जवळच्या माणसाला द्यायचा, एवढंच त्याचं काम. ज्या कामाची बातमी होत नाही असं काम. मग क्यूशूतला त्याचा क्लब, सेइरान, पहिल्या लीगमध्ये चढला आणि तिथल्या एका सामन्यात शेवटच्या क्षणी त्यानं गोल केला. आयुष्यात केलेल्या मोजक्या गोलांपैकी एक. सगळा संघ त्याच्या अंगावर उड्या मारायला धावला, तर हा पठ्ठ्या कुणाकडे न बघता पळत पळत मैदानाच्या मध्यावर जाऊन आपल्या जागी उभा राहिला. उजवीकडचे केस ताठ उभे. अजून खेळ संपलेला नाही, चला, असा चेहरा.

तेवढा तुकडा लाखो लोकांनी पाहिला. आधी हसले, मग प्रेमातच पडले. सव्वीस नंबरचे शर्ट क्लबच्या दुकानात उरेनात. शाळकरी पोरं गोल झाला की धावत जाऊन गंभीर चेहऱ्यानं आपापल्या जागी उभी राहू लागली.

लोकांना माणूस आवडला की त्याचं घर बघायचं असतं. क्लबच्या संकेतस्थळावर प्रत्येक खेळाडूची माहिती असते: उंची, रक्तगट, आवडता पदार्थ. त्यात 'ज्यांच्याबद्दल आदर वाटतो' या रकान्यात रित्सुकीनं लिहिलं होतं, 'वडील'. एका साप्ताहिकाच्या बातमीदारानं ते वाचून त्याला विचारलं, "वडील तुमच्या खेळाबद्दल काय म्हणतात?" रित्सुकीनं खरं ते सांगितलं. "काहीच म्हणत नाहीत."

पुढच्या आठवड्यात दोन पानं भरून छापून आलं. न्हाव्याच्या दुकानाचा वारस गावाबाहेर पडला, हट्टी बापानं तोंड फिरवलं, दहा वर्षं बोलणं नाही, तरीही मुलाच्या मनात आदर. मी दुकानात ते मोठ्यानं वाचून दाखवलं. बाबा एका गिऱ्हाइकाच्या मानेवर फेस लावत होते.

"छान लिहिलंय," ते म्हणाले.

रित्सुकीचा त्याच दिवशी फोन आला. "ताई, मी त्यांना सांगणार आहे की हे सगळं खोटं आहे."

मी फोन बाबांकडे दिला. बाबांनी कानाला लावला, ऐकलं, आणि म्हणाले, "नाव माझं खराब होतंय, तुझं नाही. तू खेळ." आणि फोन मला परत दिला.

खरं काय होतं ते घरात आम्हा चौघांनाच माहीत होतं. आम्हा न्हाव्यांची दुकानं सोमवारी बंद असतात आणि फुटबॉलपटूंनाही सामन्यानंतरचा सोमवार बहुतेक मोकळा असतो. महिन्यातल्या एका सोमवारी बाबा सकाळच्या पहिल्या गाडीनं निघायचे. रित्सुकी ज्या क्लबात असेल त्या गावी जायचे, त्याचे केस कापायचे आणि परत यायचे. पार उत्तरेच्या टोकाला, होक्काइदोत होता तेव्हाही. कात्र्यांची लांबट पेटी हातात असायची, म्हणून गावाला वाटायचं बाबा, म्हणजे गावाचे तोकुजी-सान, गळ टाकायला जातात. मासा मात्र कधी कुणी पाहिला नाही. आईला कुणी विचारलं तर ती म्हणायची, "नशीब नाही हो त्यांचं."

हे लपवण्यासारखं काय होतं? मी एकदा विचारलं होतं. बाबा म्हणाले, खुर्चीत बसलेल्या माणसाबद्दल बाहेर बोलायचं नसतं. त्यांच्या मते रित्सुकी खुर्चीत बसला की तो गिऱ्हाईक.

त्या साप्ताहिकानंतर मी आणि बाबा एका रविवारी सेइरानचा सामना बघायला गेलो. दुसऱ्या दिवशी सोमवार, म्हणजे बाबांची पेटी बरोबर होतीच. गोलच्या मागच्या भागात, जिथं क्लबची खरी वेडी मंडळी बसतात तिथं आम्हाला जागा मिळाली. वर पाहते तर आमच्या डोक्यावर भलामोठा फलक बांधलेला: 'बाबा, बघताय ना?'

बाबा त्याच्या बरोबर खाली बसले होते.

शेजारी साठीच्या एक बाई होत्या. गळ्यात क्लबचा मफलर, मांडीवर संत्र्यांची पिशवी. मुलं लावतात तसा गालावर सव्वीस आकडा रंगवलेला. त्यांनी बाबांना एक संत्रं दिलं.

"पहिल्यांदा आलात?"

"अधूनमधून येतो."

"सव्वीस नंबर बघा हं. तो आमचा जीव आहे." मग त्यांचे डोळे भरून आले. "आणि बाप म्हणे त्याच्याशी बोलत नाही. इतकं गुणी पोर. अशीही माणसं असतात."

"असतात," बाबा म्हणाले.

"दगड मेला."

बाबांनी संत्रं सोलून अर्धं मला दिलं. मला हसावं की रडावं कळेना. मध्यंतरात मी बाबांच्या कानाशी लागले, "सांगा ना त्यांना."

"कशाला? बाई चांगली आहे. तिला लाज वाटेल."

बाबांना काही वाटत नव्हतं असं नाही. पण खरी झळ लागत होती ती आईला. आई, म्हणजे इने, बंदरावरच्या शेडमध्ये माकूळ सुकवायचं काम करते. बायकांची जीभ आणि हात तिथं बरोबरीनं चालतात. "इने, तुझ्या नवऱ्याचा राग गेला की नाही गं?" "इने, पोराला निदान नववर्षाला तरी घरात घेता का?" त्या चेष्टेत बोलत होत्या, पण हळूहळू चेष्टा विरत गेली आणि कीव उरली. आईला कीव चालत नाही. ती घरी येऊन भांडी जोरात ठेवू लागली.

आणि मग ती बातमी आली. राष्ट्रीय संघातला एकजण जखमी झाला आणि त्याच्या जागी मिनागी रित्सुकी, वय एकतीस, पहिल्यांदाच निवड. ओकिउरातून आजवर कुणी कशातच देशासाठी निवडलं गेलं नव्हतं. बंदरावर होड्यांनी भोंगे वाजवले. टपालवाला आमच्या दाराशी सायकल थांबवून वाकून नमस्कार करून गेला, टपाल न देता. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला.

तोक्योहून दूरचित्रवाणीचा माणूस आला तो त्याच आठवड्यात. कुझे नाव. चांगला माणूस होता, ते आधी सांगते. आल्यावर बूट नीट लावून ठेवले, बाबांच्या खुर्च्यांचं कौतुक केलं. सामन्याच्या आधी रित्सुकीवर एक तासाचा कार्यक्रम दाखवायचा होता. कार्यक्रमाचा शेवट त्याच्या डोक्यात पक्का होता.

"मिनागी-सान, तुम्ही किनाऱ्यावर उभे आहात. समुद्राकडे बघताय. आणि एवढंच म्हणायचं, मी चुकलो."

"कशात?" बाबांनी विचारलं.

"मुलाच्या खेळाला विरोध केलात ते."

"मी नाही केला."

"पण तुम्ही त्याच्याशी बोलत नाही."

"मी कुणाशीच बोलत नाही."

कुझे-साननं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हे खरं होतं.

"बरं," तो म्हणाला, "मग ते राहू दे. पण सामन्याच्या दिवशी मैदानावर तुमची आणि त्याची भेट घडवू. इतक्या वर्षांनी बाप-लेक समोरासमोर. देश रडेल हो."

बाबा चहाच्या कपाकडे बघत राहिले. त्याच वेळी आई भाजलेल्या माकुळाची बशी घेऊन आत आली होती. तिनं बशी ठेवली आणि तिथंच बसली.

"कुझे-सान," ती म्हणाली, "इतक्या वर्षांनी कशी भेट होईल? ते गेल्याच्या गेल्या सोमवारी भेटलेत."

"इने," बाबा म्हणाले.

"नाही, आता मी बोलणार. हा माणूस दर महिन्याला जातो. पोर होक्काइदोत होतं तेव्हा बर्फात गाडी अडकली, तरी गेला. पोराच्या डोक्याला आजपर्यंत दुसऱ्या कुणाची कात्री लागलेली नाही. तुमच्या त्या फोटोंमधले केस याच हातांचे आहेत. आता हे दाखवा."

बाबा उठले आणि पडद्यापलीकडे दुकानात गेले. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासल्याचा आवाज येऊ लागला. आई त्यांच्या मागे गेली. पडदा कापडाचा, सगळं ऐकू येत होतं.

"गिऱ्हाइकाची गोष्ट बाहेर काढलीस," बाबा म्हणाले.

"तो गिऱ्हाईक नाही, माझा मुलगा आहे. आणि तुम्ही माझे नवरे आहात. सगळा देश माझ्या नवऱ्याला दगड म्हणणार आणि मी माकूळ उलटपालट करत बसू? अहो, तुम्हाला तुमचा अभिमान नसेल. मला आहे."

वस्तऱ्याचा आवाज थांबला. मग बाबांचा आवाज आला. "मी बोलणार काही नाही."

"तुम्हाला बोलायला सांगितलंय कुणी?"

कुझे-सानची मात्र पंचाईत झाली. तो मला हळूच म्हणाला, "लोकांना ती आधीची गोष्ट आवडली आहे. ही जरा साधी वाटते." मी रित्सुकीला फोन लावला आणि कुझे-सानच्याच हातात दिला. माझा भाऊ पलीकडून काय म्हणाला ते मला नंतर कळलं: सोमवारी माझ्या घरी या, केस कापताना चित्रण करा, नाहीतर मी कार्यक्रमात नाही. दोन भोवरे.

तर त्या सोमवारी बाबांबरोबर पहिल्यांदाच इतकी माणसं गेली. मी, आई, कुझे-सान, कॅमेरेवाला. रित्सुकीच्या घराच्या गॅलरीत स्टूल ठेवलेलं होतं, खाली वर्तमानपत्रं पसरलेली. बाबांनी पेटी उघडली, त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, आणि कॅमेरा कुठे आहे ते विसरून गेले. मी हे कधी पाहिलं नव्हतं. दुकानात बाबा झटपट कापतात. इथं त्यांचा हात सावकाश चालत होता. त्यांनी त्याच्या कानामागची एक नवी जखम अंगठ्यानं चाचपली. रित्सुकीनं मान किंचित कलती केली. कुणी काही बोललं नाही.

कुझे-साननं शेवटी रित्सुकीला विचारलं, "तुम्ही दोघं कधीच बोलत नाही?"

"होक्काइदोत मी एक अख्खा हंगाम राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून काढला," तो म्हणाला. "सोडून द्यायचं ठरवलं होतं. सामान बांधलं होतं. त्या सोमवारी बाबा आले. सामान त्यांना दिसलं. त्यांनी वसतिगृहाच्या कपडे धुण्याच्या खोलीत माझे केस कापले, केर काढला, आणि जाताना म्हणाले, 'पुढच्या महिन्यात येतो.' बस, एवढंच. आता ते येणार म्हटल्यावर मला तिथं असायला हवं होतं ना? म्हणून मी राहिलो. मग त्याच्या पुढच्या महिन्यासाठी राहिलो. असं करत करत इथवर आलो."

आई गॅलरीच्या दारात पाठ करून उभी राहिली. ही गोष्ट तिलाही माहीत नव्हती. बाबा मानेवरचे केस मऊ ब्रशनं झाडत होते. त्यांचा हात थांबला नाही, पण ते तीच जागा पुन्हा पुन्हा झाडत राहिले.

कुझे-साननं नंतर कॅमेरेवाल्याला विचारलं, "घेतलंस ना?" आणि चष्मा पुसायला बाहेर गेला.

कार्यक्रम दाखवला गेला. केस कापण्याचा भाग त्यानं जवळजवळ न कापता ठेवला होता. पार्श्वसंगीत नाही, नुसता कात्रीचा आवाज. काही लोक चिडले, इतके दिवस आम्हाला उगाच रडवलं म्हणाले. साप्ताहिकानं काही छापलं नाही. पण दोन दिवसांनी दुकानाची घंटा वाजली आणि दारात त्या संत्रीवाल्या बाई उभ्या. एवढा लांबचा प्रवास करून आलेल्या, हातात संत्र्यांचं खोकं. बाबांना पाहिल्याबरोबर त्या इतक्या खाली वाकल्या की मला वाटलं आता पडतात.

"मी तुम्हाला तोंडावर काय काय बोलले," त्या म्हणाल्या. "तेही तुमच्याच पोराच्या सामन्यात."

"माझ्या पोरासाठी बोललात," बाबा म्हणाले. "बसा. चहा घ्या."

मग त्यांच्याकडे बघून म्हणाले, "केस जरा वाढलेत तुमचे." बाबांच्या हिशेबानं हे फार मोठं आदरातिथ्य होतं. बाई केस कापून घेऊनच गेल्या.

सामना गुरुवारी संध्याकाळी होता. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा रविवार-सोमवार सोडून भर आठवड्यात दुकान बंद ठेवलं. आई शेडमधल्या बायकांनी दिलेला नवा कोट घालून आली होती. गेल्या आठवड्यात कीव करणाऱ्या बायकांनी वर्गणी काढून तो घेतला होता. आईनं तो आधी परत केला, मग घेतला, आणि गाडीत सारखी त्याच्या बाह्या नीट करत राहिली.

स्टेडियम इतकं मोठं होतं की समोरची माणसं ठिपक्यांसारखी दिसत होती. रित्सुकी पहिल्या अकरात नव्हता. आम्ही तो बाकावर कुठं दिसतो ते शोधत होतो. पूर्वार्ध संपला, बरोबरी. उत्तरार्धात आपला संघ एका गोलनं पुढे गेला आणि मग समोरच्यांनी असा जोर धरला की चेंडू आपल्या अर्ध्या मैदानातून बाहेर जाईना. तेव्हा आईनं माझा दंड धरला. मैदानाच्या कडेला एक बुटका खेळाडू जॅकेट काढत होता.

ध्वनिक्षेपकावर नाव आलं. आधी आडनाव, मग नाव. आणि त्या सगळ्या ठिपक्यांनी मिळून ते नाव घेतलं. एकदा, दोनदा, तालात, टाळ्यांसकट. माझ्या भावाचं नाव. मी ते घरात हजारदा हाकारलं होतं, जेवायला ये, बूट उचल, दार लाव. पण ते असं वाजतं हे मला ठाऊक नव्हतं.

बाबा उभे राहिले. त्यांनी टोपी काढली आणि पुढे वाकले. मग डावीकडे वळून वाकले, मग उजवीकडे. मागच्या रांगेतल्या माणसांनाही त्यांनी वाकून नमस्कार केला. ती बिचारी गोंधळून परत वाकू लागली.

"अहो, काय करताय?" आई म्हणाली. "बसा. मागच्यांना दिसत नाही."

"एवढी माणसं त्याचं नाव घेतायत," बाबा म्हणाले. "आपल्यापैकी कुणीतरी आभार मानायला हवेत."

आई एक क्षण त्यांच्याकडे बघत राहिली. मग कोटाच्या बाह्या ओढून उभी राहिली आणि तीही वाकली. मग मीही.

रित्सुकीनं पहिला चेंडू घेतला आणि तो गमावला. आई पुटपुटली, "हे काय." पण मग तो नेहमीचं काम करू लागला. जिथं समोरचा माणूस चेंडू घेऊन यायचा तिथं हा आधीच उभा असायचा. काढून घ्यायचा, जवळच्याला द्यायचा, पुन्हा जागेवर. काढायचा, द्यायचा, जागेवर. हळूहळू समोरच्यांचा जोर ओसरत गेला. शेवटची शिटी वाजली तेव्हा आपण जिंकलो होतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात गोल करणाऱ्याचा मोठा फोटो होता, आत कुठंतरी रित्सुकीबद्दल दोन ओळी.

बाबांनी त्या दोन ओळी परतीच्या गाडीत वाचल्या. मग घडी घालून शेजारी बसलेल्या, चेहऱ्यावरून फिरतीचा विक्रेता वाटणाऱ्या माणसाकडे वर्तमानपत्र सरकवलं आणि बोट ठेवलं.

"हे वाचा," ते म्हणाले. "माझा मुलगा आहे."

त्या माणसानं वाचलं, आदरानं मान लवली आणि काहीतरी विचारलं. आणि ओकिउरा येईपर्यंत बाबा बोलत होते.